सूट म्हणजे माफी नव्हे

१८ जून, सकाळी साडेअकरा. संग्रामपूरच्या बँकेत बसून मी धाकट्या बहिणीच्या, निकिताच्या, शैक्षणिक कर्जाच्या अर्जात 'संज्ञानात्मक विज्ञान' नीट लिहिलंय का ते पाहत होतो. मेंदू विचार कसा करतो, ते शिकवणारी ही पदवी. पुण्यात, चार वर्षं, फी आठ लाख.

बाबा खुशीत होते. बँकेच्या साहेबांना म्हणाले, "पाच वर्स सूट हाय ना?"

"सूट हप्त्याले हाय, काका. व्याज तं पहिल्या दिवसापासून चालू."

वरवट बकालला आमची पिठाची चक्की आहे. अकरावीत शाळा सोडून मीही तिथेच बसतो. बाबा कुणाला सूट देतात, तेव्हा ते पैसे पुन्हा मागत नाहीत.

साहेबांनी हिशोब केला. पाच वर्षांनी अकरा लाख, मग दहा वर्षं महिन्याला पंधरा हजारांच्या आसपास.

"अन् पगार किती भेटते, बेटा?" त्यांनी निकिताला विचारलं.

निकिता खोटं बोलली नाही. "कॉलेजवाले पन्नास हजार सांगतात. माह्या ओळखीच्या ताईले बावीस भेटते."

"मंग खाशीन काय, मेंदू?" साहेब हसले. आम्ही हसलो नाही.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "दादा, मी इथंच बी.ए. करू काय?" बाबा चक्कीच्या पट्ट्याबद्दल बोलू लागले.

फी भरायची शेवटची तारीख शुक्रवार. कर्जावर तिच्यासोबत सही माझी लागणार आहे. हे वाचणाऱ्यांत ही पदवी घेतलेलं कुणी असेल, तर हातात पडणारा खरा पगार सांगाल का?

परीक्षा, प्रवास, कागदपत्रं: आजवरचा खर्च ४,३६० रुपये. देणं: शुक्रवारपर्यंत शून्य.