तिसरी सीडी

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुण्याला, मुलाच्या स्वयंपाकघरात मेथी निवडत बसले होते. गोंदियाजवळच्या आमच्या कुडव्याहून शेजारच्या सुनीताचा फोन होता. आधी नुसतीच रडली, मग म्हणाली, "काकू, मोठ्या काकू खुर्चीतच गेल्या. काम्पुटर सुरूच हाय. बासष्ट टक्के दाखवून राहिला. बंद करू का?" मी म्हटलं, नको. शंभर होऊ दे. माणूस गेलेलं असताना तुला हे कसं सुचलं, असं नंतर चार जणांनी विचारलं. विचारोत बापडे. काम अर्धवट सोडलेलं ताईंना चाललं नसतं, एवढं मला त्या चौघांपेक्षा जास्त ठाऊक होतं.

कौसल्याताई माझ्या थोरल्या जाऊ. थोरले भावजी ऐन तारुण्यात गेले, पोटी मूल नाही. घर एकच, चुली दोन. माझा मंगेश माझ्या चुलीवर कमी आणि त्यांच्या चुलीवर जास्त जेवला. त्यांना तो मोठीआई म्हणायचा. त्याचं लग्न ठरलं तेव्हा हळद ताईंनीच आणली, निवडली, भिजवली, वाटली. हात कोपरापर्यंत पिवळे झाले होते. आणि हळद लावायची वेळ आली तेव्हा पाच सवाष्णी पुढे झाल्या आणि आमच्याच मामंजींनी सांगितलं की कौसल्येला आतच बसू द्या. नवरदेवाची आई मी. एक शब्द बोलले असते तर कोणाची छाती नव्हती मला अडवायची. मी वाटी उचलली आणि मांडवात गेले... हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कोणी माझी कीव करणार नाही.

लग्नाचं शूटिंग मंगेशच्या मित्राने स्वतःच्या कॅमेऱ्यावर केलं आणि फाइली मंगेशच्या जुन्या कॉम्प्युटरवर टाकून तो मोकळा झाला. मंगेश बायकोला घेऊन पुण्याला गेला, कॉम्प्युटर मागे राहिला. नातेवाइकांच्या घरी टीव्ही आणि सीडी प्लेअर, त्यावर त्या फाइली काही चालेनात. गोंदियातल्या एका स्टुडिओवाल्याने हात वर केले. तेव्हा ताई म्हणाल्या, मी करते. वय पंचावन्न, शिक्षण सातवी. मंगेश फोनवर सांगायचा आणि त्या वहीत लिहून घ्यायच्या: कोणतं बटण आधी, कोणतं नंतर, इंग्रजी शब्द मराठी अक्षरांत. एक फाइल बदलायला दोन-दोन तास लागत, आणि तेवढ्यात भारनियमन. सीडी अर्धी लिहून झाली की वीज जायची आणि सीडी कामातून जायची. वाया गेलेल्या सीड्या त्या पाण्याच्या पेल्यांवर झाकणं म्हणून ठेवत. आमच्या घरी आलेला पाहुणा आपलं तोंड बघतच पाणी प्यायचा. त्या विजेला शिव्या घालायच्या, मी नाचता येईना अंगण वाकडं म्हणून चिडवायचे. शेवटी त्यांनी वीज जाण्या-येण्याच्या वेळा खडूने भिंतीवरच लिहून ठेवल्या आणि विजेला चकवायला शिकल्या.

एका सीडीत ऐंशी मिनिटं मावतात. लग्न भरलं तीन सीड्यांचं. मी म्हटलं, ताई, थोडं छाटा, पंगती काय बघायच्या? त्या स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाल्या, "कापू कोणाले? सारेच तर आले होते." मग म्हणाल्या, "सारे दिसून राहिले याच्यात." मी चहा ठेवायचं निमित्त करून उठले. महिनाभराने त्यांनी तीन सीड्या माझ्या हातात दिल्या. "शोभे, शेवटपर्यंत पाहजो," एवढंच बोलल्या. मी हो म्हटलं. पहिली दहादा पाहिली, दुसरी दोनदा. तिसरीत आहेराची भांडी सुरू झाली तशी मी प्लेअर बंद केला.

त्यानंतर कुडव्यातले, पुढे आसपासच्या खेड्यांतले लोकही यायला लागले. बारसं, साक्षगंध, भीमजयंतीची मिरवणूक, धानाच्या शेतातला नातू, काय वाटेल ते. ताई सगळ्यांच्या सीड्या मारून द्यायच्या आणि काही कापायच्या नाहीत. एकदा एक गृहस्थ पुतण्याच्या लग्नाचं मेमरी कार्ड घेऊन आले. मी तिथेच तांदूळ पाखडत होते. म्हणाले, सगळं घ्या, फक्त हळदीतलं तेवढं काढून टाका, आमच्यात चालत नाही. ताईंनी ते उघडून पाहिलं. पांढऱ्या लुगड्यातली एक बाई नवरदेवाला हळद लावत होती आणि नवरदेवाने तिचा हात धरून ठेवला होता.

"कोन होय हे?" ताईंनी विचारलं.

"त्याची माय. भाऊ नाही ना माझा आता."

"मंग काऊन काढू? पोरगा तिचा, हळद तिची. मी कापत नाही."

गृहस्थ तणतणत गेले. त्या गावाचं काम बंद झालं, कुडव्याची बाई चक्रम आहे असं नावही झालं. पंधरा दिवसांनी तोच नवरदेव ते कार्ड घेऊन, आईला गाडीवर मागे बसवून आला. त्या माउलीने आमच्या टीव्हीवर स्वतःला हळद लावताना पाहिलं, तोंडाला पदर लावला, आणि ताईंनी ते पुन्हा मागे नेऊन दाखवलं. मी सगळं पाहत होते. ताई त्या गृहस्थाला बोलल्या होत्या, पण ते मला होतं. मला कळलंही होतं. तरी तोंड उघडलं नाही ते नाहीच.

तेरवी झाली आणि दीर-नणंदा म्हणू लागले, तो कॉम्प्युटरचा डबा भंगारात द्या, खोली मोकळी करा. माझं डोकं फिरलं. खोली मोकळी करायची तर तुम्ही बाहेर व्हा, म्हटलं. सगळे गेल्यावर मी मंगेशच्या लग्नाच्या सीड्या काढल्या आणि तिसरी लावली. या वेळी आहेराची भांडी संपेपर्यंत बसले. भांड्यांनंतर पडदा काळा झाला, आणि मग ताई दिसल्या. याच खोलीत, याच खुर्चीत, कॉम्प्युटरवरच्या छोट्या कॅमेऱ्यासमोर. हातात मंगेशचा दहावीतला फोटो, बाजूला हळदीची वाटी. त्यांनी फोटोच्या दोन्ही गालांना सावकाश हळद लावली, मग कपाळाला. कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"मंग्या, हे माही हळद. उशिरा लावून राहिली, पन लावली. तुही माय पाहीन तवा पाहीन."

सात वर्षं ही सीडी माझ्या कपाटात होती. सात वर्षं त्यांनी मला विचारलं नाही, पाहिलीस का. मी खूप रडले, ते इथे लपवत नाही. पण रडण्याने त्यांची हळद कोणाला दिसणार होती?

म्हणून त्यांची वही उघडली. आधी हे बटण, मग ते. चार सीड्या बिघडवल्या, त्या आता पेल्यांवर आहेत. पाचवी नीट झाली. तेव्हापासून त्या लग्नाला आलेल्या प्रत्येक घरी तिसरी सीडी पाठवते आहे. काल धाकट्या दिरांच्या घरून मामंजींचा फोन आला. नव्वदीला टेकलेत, आवाज मात्र तोच. म्हणाले, सुतक नुकतं फिटलंय, शेवटचं तेवढं काढून तरी पाठवायचं होतंस.

मी म्हटलं, "मामंजी, मी कापत नाही."

आणि फोन ठेवला. बारा वाजता वीज जाते, भिंतीवर ताईंनी लिहूनच ठेवलंय. तोवर अजून दोन मारून व्हायच्या होत्या.