पट्टीचं दुसरं टोक

आमच्या गल्लीचं वळण दिसायला अगदी गरीब आहे. एका अंगाला औषधांचं दुकान, समोर बेकरी, आणि नेमकी कोपऱ्यावर विजेची लोखंडी पेटी. पेटी माणसापेक्षा हातभर उंच. गल्लीतून बाहेर पडणाऱ्याला तिच्यामुळे रस्ता दिसत नाही, आणि रस्त्यावरून येणाऱ्याला इथे गल्ली आहे हेच कळत नाही. दोघांची ओळख व्हायची ती थेट धडकेने.

ती ओळख पुढे वाढवण्याचं काम पट्टीमामांचं होतं.

मामा मोठ्या इस्पितळात अपघात विभागात ड्रेसिंगचं काम करायचे. एकतीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही. निवृत्त झाल्यावर पंधरा दिवस घरात बसले आणि मामींच्या डाळ-तांदळाच्या डब्यांना चिठ्ठ्या चिकटवायला लागले. सोळाव्या दिवशी मामींनी त्यांना हाताला धरून खाली आणलं आणि औषधांच्या दुकानाबाहेरच्या बाकावर बसवलं. "इथे बसा. कुणी पडलं तर उचला. मला माझं घर परत द्या," असं त्या म्हणाल्याचं मी स्वतः ऐकलेलं आहे. तेव्हाचा म्हातारा दुकानदार भला माणूस होता, कापूस आणि पट्ट्या त्याच्याकडून मिळायच्या. तो गेल्यावर त्याचा मुलगा दुकान बघू लागला आणि त्यानेही बाक तसाच ठेवला. मामा या मुलाला 'मालक' म्हणायचे, पण धाक मामांचाच होता.

मामांची एक पद्धत होती. धडक झाली की पडलेल्याला ते बाकावर बसवत, जखम धुवत, औषध लावत, आणि पट्टी बांधायला घेतली की तिची गुंडाळी ज्याने धडक दिली त्याच्या हातात देत. "धर. ताण देऊ नकोस, सैलही सोडू नकोस. मी सांगेन तसं पुढे ये." मग धडक देणारा माणूस पडलेल्याच्या पायापाशी वाकून पट्टी उलगडत राही. अशा अवस्थेत कुणाला ओरडता येत नाही. वर बसलेल्यालाही, आपल्या गुडघ्यापाशी वाकलेल्या माणसाची आईबहीण काढणं जरा जड जातं. चार वेढ्यांत दोघांचे श्वास खाली येत. मामा कात्रीने पट्टी कापत, गाठ मारत आणि म्हणत, "झालं." म्हणजे खरोखरच झालं. कुणी पोलीस चौकीत जात नसे, कुणी इस्पितळात जात नसे. भांडणाला तोंड फुटायच्या आत मिटलेलं असे.

एका धडकेतून तर सोयरीक जमली. गॅसच्या टाक्या पोचवणाऱ्याने शिंपीदादांना पाडलं, मामांनी पट्टी धरायला लावली, पुढे महिनाभर तो चौकशीला जात राहिला आणि शेवटी त्याची बहीण शिंपीदादांच्या घरी सून म्हणून गेली. मामा ही गोष्ट वर्षातून चारदा सांगायचे.

कागदावर मात्र त्यांचा राग होता. इस्पितळात त्यांनी एकदा एका माणसाला पाऊण तास बसून राहिलेलं पाहिलं होतं. बुटात रक्त साचलेलं, आणि अपघात कुणाच्या हद्दीत झाला यावर दोन कारकून वाद घालत होते. "फॉर्म भरला जाईपर्यंत बूट भरला," असं मामा म्हणत. बाकावर बसल्यापासून त्यांनी एकाही फॉर्मला जवळ येऊ दिलं नाही.

मीही त्या बाकाचा ऋणी आहे, हे इथेच सांगून टाकतो. सात वर्षांपूर्वी शाळेला उशीर झाला म्हणून मी स्कूटर जरा दामटली आणि वळणावर पेपरवाल्या आजोबांना उडवलं. चूक माझीच होती, पेटीच्या मागे लपण्यात अर्थ नाही. मामांनी माझ्या हातात पट्टी दिली, मी धरली, मामा 'झालं' म्हणाले आणि मी दुसऱ्या तासाला वर्गावर होतो. आजोबा तेव्हापासून डावा पाय ओढत चालतात. पूर्वी ते तिसऱ्या मजल्यावर येऊन पेपर टाकायचे. आता जिन्याच्या पायरीवर ठेवतात आणि मी खाली जाऊन आणतो. आपण त्यांची सोय बघतो, असं मला पुष्कळ दिवस वाटत असे.

गेल्या वर्षी शाळेतली एक मुलगी त्या वळणावर शाळेच्या व्हॅनची धडक बसून पडली. तिच्या पायाचं हाड मोडलं. मामांनी फळी बांधून दिली, व्हॅनवाल्याने तिला उचलून हाडवैद्याकडे आणि मग घरी नेलं, तिच्या आईने त्याचे आभारही मानले. पण या वेळी गल्लीला जाग आली. पेटी हलवावी, स्पीडब्रेकर घालावा, समोर गोल आरसा लावावा, असा अर्ज करायचं ठरलं. अर्ज लिहायचं काम ओघानेच माझ्याकडे आलं. माझं अक्षर चांगलं आहे, हे मी विनय सोडून सांगतो. "सदर वळणावर वारंवार अपघात होत असून" असं मी लिहिलं. त्यातला एक कुणी केला, ते लिहिलं नाही. साठेक सह्या गोळा झाल्या. मामा आणि मी अर्ज घेऊन रस्ते खात्याच्या कार्यालयात गेलो.

तिथली इंजिनिअर पस्तिशीची, शांत बोलणारी बाई होती. अर्ज तिने शेवटपर्यंत वाचला, यानेच मी निम्मा खूश झालो. मग तिने संगणकात काहीतरी पाहिलं आणि पडदा आमच्याकडे वळवला.

"तुमच्या वळणावर गेल्या बारा वर्षांत एकही अपघात नाही."

"एकही?" मी म्हणालो. "बाई, तिथे आठवड्याला एक माणूस पडतो."

"पडत असेल. नोंद नाही. चौकीत नाही, इस्पितळातून आलेली नाही. आमच्या यादीत तुमचं वळण सुरक्षित म्हणून आहे." ती खोचकपणे बोलत नव्हती. "माझ्याकडे अशी दोनशे ठिकाणं आहेत. जिथे आकडा आहे तिथे आधी काम होतं. मला काहीतरी द्या, मी पेटी हलवायला सांगते. शून्यावर मी काय सांगू?"

मी हद्दीचे, नियमांचे, माणुसकीचे दोन-चार मुद्दे मांडले. बारा वर्षं म्हटल्यावर मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं होतं. बारा वर्षांपूर्वीच मामींनी त्यांना बाकावर आणून बसवलं होतं.

परतताना ते वळणावर थांबले आणि पेटीवर हात ठेवून उभे राहिले.

"मास्तर, मी पुसत बसलो होतो," ते म्हणाले. "लोक पडत होते आणि मी मागून पुसत होतो."

त्यांना काय वाटत होतं ते तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मला त्यांची फार दया आली, आणि त्याच वेळी ते आता नोंद मागायला माझ्याकडेही येणार, हे कळलं.

पुढचे पंधरा दिवस मामा घरोघर फिरले. ज्यांना पट्ट्या बांधल्या आणि ज्यांनी त्या धरल्या, त्या सगळ्यांना ते सांगत होते की चौकीत जाऊन काय घडलं तेवढं सांगा, कुणाला शिक्षा करायची नाही, जागेची नोंद हवी आहे. शिंपीदादा म्हणाले, "मामा, व्याह्यांच्या विरुद्ध जबाब देऊ? घरात सून आहे माझ्या." मुलीच्या आईने व्हॅनवाल्याचं नाव सांगायला नकार दिला, तो बिचारा रोज तिला शाळेत सोडतो म्हणून. बेकरीवाला म्हणाला, "तुम्हीच तर म्हणाला होतात झालं म्हणून." एवढ्या माणसांना त्यांनी इतकं नीट समजावलं होतं की आता उलटं समजावणं त्यांच्याच्याने होईना.

माझ्याकडे ते शेवटी आले.

"तुमचं अक्षर चांगलं आहे मास्तर. पहिलं तुमचंच लिहा."

"जुनं उकरून काय मिळणार मामा? आजोबा आता बरे आहेत की," मी म्हणालो.

ते "बरं" म्हणून जिना उतरले. जिन्याच्या पायरीवर त्या दिवशीचा पेपर तसाच पडलेला होता. मी तो संध्याकाळपर्यंत आणायला गेलो नाही.

त्यानंतर महिन्याभराने, सकाळी दहाच्या सुमाराला, मी बेकरीत उभा होतो. मामी पाव घेऊन बाहेर पडल्या. तेवढ्यात दुकान उघडायला येणारा मालक आपल्या स्कूटरवरून वळला. वेग काही नव्हता. पण पेटीच्या मागून मामी आल्या आणि चाक त्यांना लागलं. पाव रस्त्यावर पसरले, मामी उजव्या हातावर पडल्या.

मामा बाकावरून उठून आले. घाई नाही, आरडाओरडा नाही. त्यांनी मामींना बसवलं, मनगट दोन बोटांनी चाचपलं आणि म्हणाले, "मोडलंय."

"मला कळतंय," मामी म्हणाल्या. "दुखतंय मला, तुम्हाला नाही."

मालकाचा चेहरा पांढरा पडला होता. लहानपणी मामींच्या हातचं खाऊन वाढलेला मुलगा तो. मामांनी खोक्याचा पुठ्ठा कापून मनगटाखाली धरला, पट्टी सुरू केली आणि गुंडाळी मालकाच्या हातात दिली. त्याला सांगावं लागलं नाही. त्याने ती ताण न देता, सैल न सोडता धरली. सगळी गल्ली 'झालं'ची वाट पाहत होती.

वेढे पुरे झाले. मामांनी पट्टी न कापता शेवटचा वेढा तिथेच बोटाने दाबून धरला.

"कात्री?" मालकाने विचारलं.

"राहू दे. असेच चला. चौकी वाटेतच आहे, पुढे इस्पितळ."

"अहो, काय हे?" मामी म्हणाल्या. "मुलासारखा आहे तो. मला काही तक्रार नाही."

"माझीही नाही."

"मामा, माझं लायसन्स जाईल," मालक हळूच म्हणाला. "दुकानाचं नाव जाईल. बारा वर्षांत कुणाला नेलं नाही तुम्ही. मलाच का?"

"कारण बाकीचे मला नाही म्हणाले," मामा म्हणाले. "आणि या वेळी पडलेलं माणूस माझं आहे."

हा काही न्याय नव्हता, आणि तसं मामांनीही म्हटलं नाही. मालकाला गुंडाळी टाकून निघून जाता आलं असतं. त्याने ती टाकली नाही. कदाचित टाकली असती तर मामींच्या मनगटाला हिसका बसला असता, एवढंच कारण असेल. मामा एका हाताने मामींना धरून, मागे पट्टी धरलेला मालक, आणि साक्षीदार म्हणून मी, असे आम्ही चौकीकडे निघालो. लोक दुकानांतून बघत होते. कुणीतरी हसलं. मामी म्हणाल्या, "जन्मभर कागदाला शिव्या घातल्यात. आज बायकोला बांधून त्याच्या दारात नेताय."

"हो," मामा म्हणाले.

चौकीतला हवालदार भला होता. त्याने मामींना आधी खुर्ची दिली. नाव, वय, वेळ लिहून घेतली.

"गाडी वेगात होती?"

"नव्हती," मामा म्हणाले. "मी याला रोज येताना बघतो. पेटीमुळे दोघांना दिसलं नाही. तसंच लिहा. याची चूक लिहू नका."

मालकाने पहिल्यांदा मान वर केली. हवालदाराने मालकाला विचारलं, मामींना विचारलं, मला विचारलं. सगळ्यांनी पेटीच सांगितली. त्याने तसं लिहिलं.

"यापूर्वी त्या जागी कधी अपघात?"

"आठवतात तेवढे सांगतो," मामा म्हणाले आणि सांगायला लागले. टाकीवाला आणि शिंपी. व्हॅन आणि शाळेतली मुलगी, डावी नडगी. बेकरीवाल्याची सायकल आणि धोबीण, कपाळाला चार टाके पडायला हवे होते, ते मामांनी चिकटपट्टीवर भागवलेलं. प्लंबर आणि पोस्टमन. प्लंबर आणि आणखी एक बाई, पुन्हा तोच प्लंबर. मामा महिना सांगत होते, कुठला हात, कुठला पाय ते सांगत होते. हवालदाराने पेन खाली ठेवलं, मग पुन्हा उचललं. वीस-पंचवीस झाले असतील. सात वर्षांपूर्वीचं साल आलं. मामांनी त्या सालातला एक मोटारसायकलवाला सांगितला, एक हातगाडी सांगितली आणि पुढच्या सालावर गेले. मला त्यांनी वगळलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"इतके?" हवालदार म्हणाला. "मग एकही इथे कसा आला नाही?"

"मी येऊ दिला नाही. तेही लिहा."

"त्याला रकाना नाही मामा." हवालदाराने कागद नीट केला. "हे बघा, तुम्ही सांगताय ते ऐकीव धरलं जातं. ज्याच्याकडून घडलं किंवा ज्याला लागलं, त्याने स्वतः सांगून सही केली तर जागेबद्दलचा जबाब म्हणून जोडता येईल. जुना असला तरी. यातलं कुणी येईल का?"

मामी पुठ्ठ्यावरच्या हाताकडे बघत होत्या. मालक पट्टी धरून उभा होता. त्याचा हात आता दुखत असणार, पण त्याने तो खाली केला नव्हता.

"त्यांनी एक सोडलाय," मी म्हणालो. "सात वर्षांपूर्वीचा. पेपरवाल्या आजोबांचा डावा पाय. स्कूटर माझी होती, आणि वेगात होती."

हवालदाराने कागद माझ्याकडे सरकवला. मी लिहिलं. अक्षर काही चांगलं आलं नाही. खाली सही केली.

मामांनी टेबलावरची कात्री मागून घेतली. पट्टी कापली आणि मामींच्या मनगटावर गाठ मारली. मालकाने उरलेली गुंडाळी त्यांच्या हातात परत दिली. या वेळी मामा 'झालं' म्हणाले नाहीत. आम्ही मामींना घेऊन इस्पितळात गेलो.