अर्धा कोयता

सरकारी प्रशिक्षणाच्या नव्या कायद्याचा मसुदा इंग्रजीत होता, म्हणून तो माझ्याकडे आला. केजजवळच्या एका बंद पडलेल्या सहकारी सूतगिरणीची शेड रिकामी होती. तिथे आमची सोसायटी सरकारी प्रशिक्षण केंद्र चालवायची आणि मी कॉम्प्युटर शिकवायचे. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, शहरातली. त्यामुळे गावाकडे परतल्यावर मी बोलण्यापेक्षा ऐकायचेच जास्त.

"एवढं वाचा आन् बायांना सोप्यात सांगा," सोसायटीचे चेअरमन म्हणाले. "तहसीलला सुनावणी हाय. आपलं म्हननं एकच, कायदा चांगला हाय."

कायदा वाईट नव्हताच. खोट्या हजेऱ्या थांबवायच्या, शिकून ज्याला काम मिळेल त्याच्याच मागे संस्थेला अनुदान द्यायचं, असं बरंच काही त्यात होतं. पण मधे एक कलम होतं. जो प्रशिक्षणार्थी कोर्स अर्धवट सोडेल, त्याला पुन्हा कुठल्याच सरकारी कोर्सला प्रवेश नाही. ते वाचल्यावर मी मान वर केली आणि शेडच्या दुसऱ्या टोकाला पाहिलं. तिथे मोटार रिवायंडिंगची बॅच बसायची, सगळ्या बायका. त्या वर्षी पाऊस नव्हता. विहिरी आटल्या होत्या, मोटारी कोरड्या चालून जळत होत्या. तांब्याची तार भरायचं काम शिकणाऱ्याला कामाची वाण पडणार नव्हती.

त्या बॅचमधली एक माझ्याच वयाची होती. पाठ ताठ ठेवून बसायची, कुणाशी फारसं बोलायची नाही. म्हणूनच मला ती आवडायची. दरवर्षी ती आणि तिचा नवरा ऊसतोडीला जात. या धंद्यात नवराबायको मिळून एक कोयता धरतात. एकटा गेला तर तो अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला टोळीत घ्यायला मुकादम कुरकुरतो. दुष्काळामुळे यंदा टोळ्या लवकर निघणार होत्या. कोर्स मात्र उन्हाळ्यापर्यंत चालणार होता.

मी कलम समजावून सांगितलं. मग तिनं विचारलं, "म्हंजी गेले तर परत बसता येनार न्हाई?"

"अजून मसुदाच आहे. कायदा झालेला नाही."

"मग व्हायच्या आत पळा गं," मागून एक जण म्हणाली, आणि बाकीच्या हसल्या. ती हसली नाही.

"मी घरी सांगितलंय, जाऊन येते, जागा ऱ्हातीय म्हनून. आता काय सांगू?" जरा थांबून ती म्हणाली, "सुनावनीत तुमी इचारा की मॅडम."

"तुम्हीच विचारा ना."

"मी तितं इचारलं तर मालक मला घरी इचारतील."

सुनावणीच्या दिवशी तहसीलचा हॉल भरला होता. पंखे बंद होते. ती बॅचच्या बायकांत बसली होती, तिचा नवरा मागे दाराशी उभा होता. टोळीची गाडी संध्याकाळी निघणार, आणि तिथवर नेणारी जीप बाहेर लागलेली. मी मनात एकच वाक्य घोळवत बसले होते: परत आल्यावर जागा राहावी, एवढी सूचना लिहून घ्या.

सुनावणी घ्यायला बाहेरून आलेल्या साहेबांनी चेअरमनना विचारलं, "तुमच्या गावांतून ऊसतोडीला किती जातात?"

"असतील शंभरेक कोयते."

साहेबांनी लिहून घेतलं. "म्हणजे शंभरेक पुरुष. बायका गावातच असतात. मग महिलांच्या बॅचला या कलमाची काही अडचण दिसत नाही."

चेअरमननी तोंड उघडलं आणि मिटलं. हॉलमधल्या प्रत्येकाला चूक कळली होती. बाहेरून आलेल्या माणसाला ही मोजणी कुठून ठाऊक असणार? आणि ज्यांना ठाऊक होती, त्यांना ती चूक सोयीची होती.

मी उभी राहिले. "सर, एका कोयत्यात दोन माणसं असतात. नवरा आणि बायको."

आवाज माझा वाटलाच नाही. साहेबांचं पेन थांबलं. "बायकाही जातात? मग हंगामात तुमच्या केंद्रात असतं कोण?"

या प्रश्नाचा मी विचारच केला नव्हता. "नाही, म्हणजे, परत आल्यावर जागा..."

"अर्धं वर्ष रिकामं राहणारं केंद्र नव्या कायद्यात कसं टिकेल, मॅडम? ते दुसरीकडे द्यावं लागेल."

"बसा तुमी," चेअरमन माझ्याकडे न बघता म्हणाले.

मी बसले आणि ती उठली. पदर डोक्यावर होता, हात समोरच्या खुर्चीच्या पाठीवर घट्ट. "साहेब, रिकामं कावून ऱ्हाईल? मी जानार न्हाई. मी हाय हितंच. लिवा तसं."

मागे दार आपटलं.

बाहेर तो जीपला टेकून उभा होता. "चल."

"न्हाई."

"मग मी काय अर्धा कोयता म्हनून जाऊ? मुकादम दात काढंल."

"भावजींना न्या संगं."

"त्यो? त्याला ऊस खाया येतोय, तोडाया न्हाई."

जीपमधले हसले. तो नाही हसला. आवाज उतरवून म्हणाला, "चारचौघांत बोललीस. घरी बोलायचं व्हतं."

"घरी लई येळा बोलले. तुमी ऐकलं कवा?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "ही काडी तुमी लावली, मॅडम."

तो पुढच्या सीटवर चढला. "आई बी येतीय टोळीत, सैपाकाला. घराला कुलूप लागंल. ऱ्हा आता तुज्या शाळंत." जीपमधून एक पिशवी खाली आली, तिची. जीप गेली.

चेअरमन पायऱ्या उतरले. "उद्या भेटा मला," एवढंच म्हणून तेही गेले. उद्या माझं काम राहील की नाही, हे त्या आवाजावरून कळत नव्हतं. ती पिशवी उचलून उभी होती. माहेरी जाणारी एसटी तिला दिसत होती. तिनं तिकडे पाहिलं आणि मान फिरवली. मला तिनं काही मागितलं नाही.

"चला," मी म्हणाले.

वाटेत तिनं एकदाच विचारलं, "तुमच्या आईला काय सांगनार?"

"माहीत नाही."

आई दारातच होती. तिनं आधी मला पाहिलं, मग तिला, मग पिशवीला. घरात न विचारता मी आजवर मैत्रीणसुद्धा आणली नव्हती.

"कोर्स संपेपर्यंत या आपल्याकडे राहतील," मी म्हणाले.

आई दारातून बाजूला झाली. "टँकरचा काही नेम नाही, बाई. पाणी जपून वापरावं लागेल."

"माझं म्हायेर आष्टीकडचं हाय, मावशी, टँकरवरच वाढले मी," ती म्हणाली, आणि चपला काढून पाय न धुताच आत आली.