रोलरजवळचं सरबत

आमच्या लाँड्रीत तिला सगळेच वहिनी म्हणायचे. खरी वहिनी ती फक्त धाकटीची, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या बहिणीची. वहिनीनेच नणंदेला कामाला लावलं होतं, आणि धाकटी दिवसभर मशीनच्या वरताण आवाजात तिला हाका मारायची. ऐकून ऐकून आम्हीही तेच म्हणायला लागलो.

लाँड्री मोठी होती. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे अभ्रे, गाड्या भरभरून यायचे. ओली चादर तापलेल्या रोलरमध्ये एका बाजूने सोडायची, ती दुसऱ्या बाजूने कोरडी, कडक होऊन बाहेर यायची. सोडायला वहिनी आणि धाकटी, घड्या घालायला पलीकडच्या टेबलावर मी आणि बाकीच्या. हिवाळ्यात त्या खोलीत बरं वाटायचं. उन्हाळ्यात जीव नकोसा व्हायचा. गरम हवा बाहेर फेकणारा पंखा छताजवळ होता, पण तो बंद पडून दोन वर्षं झाली होती आणि त्यात कबुतरांनी संसार थाटला होता.

एका उन्हाळ्यात टेबलावरच्या दोघी एकाच आठवड्यात चक्कर येऊन पडल्या. दुसऱ्या दिवशी वहिनी दहा लिटरचा कॅन घेऊन आली. त्यात लिंबाचं सरबत होतं. तिची पद्धत ठरलेली होती. संध्याकाळी घरी गेल्यावर साखरेचा पाक करायचा, त्यात ठेचलेलं आलं टाकून गाळून घ्यायचं. पाक पुरता गार झाल्याशिवाय लिंबाचा रस घालायचा नाही. पुदिना वाटायचा नाही, नुसता तळहातावर चुरगाळून सोडायचा, नाहीतर चव तुरट होते. मीठ मात्र हात सैल सोडून. "घामातून जे जातं ते परत नको द्यायला?" ती म्हणायची. एक बाटली रात्रभर बर्फाच्या कप्प्यात आडवी ठेवायची आणि सकाळी तो बर्फाचा दांडका कॅनमध्ये सोडायचा. कधी काकडीचा रस घालायची, कधी कलिंगडाचा. अकरा वाजता पहिला ग्लास घशाखाली उतरला, की डोळ्यांसमोरची झापड जायची. खोटं कशाला बोलू, मी तीन-तीन ग्लास प्यायचे.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर धाकटीने पंख्यासाठी अर्ज लिहिला. आम्ही अकरा जणींनी सह्या केल्या. आठ दिवसांनी मॅनेजरसाहेब स्वतः खाली आले. त्यांनी वहिनीला कॅनजवळ उभं करून फोटो काढला आणि तो सूचनाफलकावर लावला. खाली छापलं होतं, 'सहकाऱ्यांची काळजी घेणाऱ्या आमच्या कर्मचारी'. शेजारीच अर्जाचं उत्तर होतं, 'उन्हाळ्यासाठी थंड पेयाची सोय उपलब्ध आहे.'

वहिनीला इतकी वर्षं कुणी 'बरं केलंस' असंही म्हटलं नव्हतं. ती फलकासमोरून जाताना पदर सारखा करायची.

धाकटीने डबा खाताना विषय काढला. "वहिनी, आपण पंखा मागितला. त्यांनी तुझा कॅन दाखवला. तू चार दिवस आणू नकोस सरबत. मग बघू काय सोय आहे ते."

"चार दिवसांत कुणी पडलं म्हणजे?"

"पडलं तर त्यांना पंखा लावावा लागेल."

"कुणाला तरी पाडून पंखा आणायचा?" वहिनीने डब्याचं झाकण लावलं. "माझा फोटो लागलाय ना, तो खुपतोय तुला."

खरं तर तेव्हा आम्ही बोलायला हवं होतं. पण सरबत बंद होणार या विचारानेच आमचे घसे कोरडे पडले. आम्ही वहिनीची बाजू घेतली.

ज्या दिवशी धाकटी पडली त्या दिवशीही तिने दोन ग्लास घेतले होते. मी पाहिलं. दुपारी अडीचच्या सुमाराला तिने चादर उलटी सोडली, मग हसली आणि काहीतरी असंबद्ध बोलली. अंग हाताला भाजेल इतकं तापलेलं, आणि घाम अजिबात नाही. वहिनी तिच्या तोंडाला ग्लास लावत होती, सरबत ओठांवरून गळ्यावर ओघळत होतं. अँब्युलन्स यायला चाळीस मिनिटं लागली.

धाकटी वाचली. पण डोक्याला ताप चढला तो जाताना बरंच काही घेऊन गेला. उजवा हात लुळा पडला, आणि बोलणं असं झालं की एकेक शब्द विहिरीतून ओढून काढावा.

सरकारी चौकशी लागणार हे कळताच मॅनेजरसाहेबांनी वहिनीला वर बोलावलं. खुर्ची दिली, पाणी दिलं. "बाई, लोक काहीही बोलतायत. तुमच्या सरबतातूनच काही झालं असंही म्हणतायत. म्हणून तुमच्याच भल्यासाठी हे लिहून ठेवलंय. वाचून सही करा." कागदावर होतं, की ती रोज स्वच्छ, ताजं थंड पेय आणते, ते सर्वांना पुरेसं मिळतं, आणि त्या दिवशीही धाकटीला ते वेळेवर मिळालं होतं. एकही ओळ खोटी नव्हती. वहिनीने सही केली.

चौकशी करणाऱ्या साहेबांनी तोच कागद फायलीत सगळ्यात वर ठेवला. उष्णतेपासून बचावाची व्यवस्था होती, कंपनीचा निष्काळजीपणा दिसत नाही, असा निकाल आला. त्यानंतर दहा दिवसांनी, कुणीही न मागता, नवा पंखा बसला. फलकावर नवी सूचना लागली, घरून आणलेली पेयं आत आणू नयेत. वहिनीचा फोटो काढून टाकला तेव्हा त्याचा एक कोपरा पिनेत अडकून तसाच राहिला.

वहिनीने काम सोडलं. धाकटीला बघायला घरी कुणीतरी हवंच होतं.

पावसाळा संपता संपता मी त्यांच्याकडे गेले. दोन खोल्या, पुढच्या खोलीत खिडकीशी धाकटीची खाट. वहिनी तिचे केस विंचरत होती. वहिनीचा नवरा कोपऱ्यात पेपर धरून बसला होता. बायकोशी बोलायचं ते तो आता तिसऱ्याच्या तोंडून बोलायचा. "चहा कर म्हणावं," त्याने मला सांगितलं. वहिनी तर हातभर अंतरावर होती.

धाकटीने मान वळवली. "तू... सही... का केलीस?"

घरात हा प्रश्न आधी कुणी विचारला नसावा, कारण फणी मधेच थांबली. वहिनीने फणीत अडकलेला केस सोडवला.

"मला वाटलं, माझं कौतुक लिहिलंय," ती म्हणाली.

धाकटीने डावा हात वर केला आणि फणी हळूच बाजूला सारली. मग भावाला म्हणाली, "दादा... तू... विंचर."

तो उठला. पुरुषाच्या हाताला सवय नव्हती, केस ओढले जात होते, तरी तिने मान तशीच धरून ठेवली. वहिनीने आत जाऊन चहा टाकला. तो आम्ही दोघींनी ओट्यापाशी उभं राहूनच घेतला. माझ्याकडे सांगायला होतं काय? नवा पंखा छान चालतो, हे का सांगू? मी कप विसळून पालथा घातला आणि निघाले.