दुसरीतला पहिला नंबर

चौथीत असताना मी बारा दिवस दुसरीत बसलो. नापास झालो म्हणून नव्हे, तोंड उघडलं नाही म्हणून.

त्या वर्षी दिवाळी झाली अन् आई-बाबा ऊसतोडीला निघाले. मलाही नेलं. ते दिवसभर ऊस तोडायचे, मी आमची पाचटाची झोपडी, म्हणजे कोपी, राखायचो. कारखाना बंद होऊन आम्ही तलवाड्याकडच्या आमच्या गावी परतलो तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो, तर फाटकात एक नवे गुरुजी उभे. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. त्याला फार वेळ लागला नाही, मी होतोच केवढा! "ऊसतोडीवरून आलास का? चल, बस," म्हणाले आणि दंडाला धरून दुसरीच्या पोरांत बसवलं.

आता सांगायचं ना, की गुरुजी, मी चौथीत! पण माझी बोबडीच वळली. पाच महिने बुडाले, आता आपल्याला मागं टाकणार, या धास्तीनं मी आधीच अर्धा झालो होतो. म्हटलं, घ्या, टाकलं.

मग रोज सकाळी मी गुपचूप दुसरीतच जाऊन बसायचो. चौथीच्या बाई रजेवर होत्या, त्यामुळं मला कुणी हुडकलं नाही. मधल्या सुट्टीत मी खिचडीचं ताट घेऊन पाण्याच्या टाकीमागं लपायचो. चौथीतल्या एखाद्यानं पाहिलं असतं, तर गावभर बोंब झाली असती.

वर्गात मात्र माझी चंगळ. पाढे माझे, कविता माझी, फळ्यावरचं गणित माझं. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी हुशार म्हणत होतं. खोटं कशाला बोलू, लई गोड वाटायचं. अन् गोड वाटायचं म्हणून जास्तच भीती वाटायची.

तेराव्या दिवशी बाबा कसल्याशा दाखल्यासाठी शाळेत आले. गुरुजींनी त्यांना दारातच गाठलं. "तुमचं पोरगं फार हुशार हो! दुसरीत असा मुलगा मी पाहिला नाही."

मी डोळे गच्च मिटले. आता बाबा ओरडणार, गुरुजी छडी काढणार, सगळी शाळा गोळा होणार. पण ओरडणं ऐकूच आलं नाही, म्हणून डोळे उघडले. बाबांनी डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली होती आणि दोन्ही हात जोडले होते.

"गुर्जी, चूक माझी हाय. मी नेलतं त्याला तिकडं. पुढच्या साली न्हाई नेणार, चुलत्याकडं ठिवीन. पर त्याला दोन वर्सं मागं नका टाकू."

गुरुजींना काहीच कळेना. मला मात्र सगळं कळलं, आणि इतकी लाज वाटली की भीती कुठल्या कुठं गेली.

"बाबा, हात खाली करा," मी ओरडलो. "कुणी न्हाई टाकलं मला. मीच बोललो न्हाई."

गुरुजींनी कपाळाला हात लावला, स्वतः मला चौथीच्या दारापर्यंत आणलं. बाबा मागं दप्तर घेऊन. आत पोरं फिदीफिदी हसत होती, मी उंबऱ्यातच थांबलो.

"कावून बोलला न्हाईस रं?" बाबांनी हळूच विचारलं.

"भ्या वाटलं."

दप्तर माझ्या खांद्याला अडकवताना ते म्हणाले, "मला बी लई वाटतं. आत्ता बी वाटलं."