काकूंना गाडीत बसवायचं नाही

आमच्या त्या गेममध्ये चार-चार जणांच्या टोळ्या विमानातून एका बेटावर उडी मारतात, घराघरांत शिरून बंदुका गोळा करतात आणि जी टोळी शेवटपर्यंत जिवंत राहते ती जिंकते. बस, एवढंच. पण मी खाली उतरले की पडद्यावरचा माझा माणूस सरळ समुद्राकडे चालू लागायचा. बाकीचे तिघं डोंगरावर आणि मी गुडघाभर पाण्यात. मग कानात आवाज यायचा, "काकू, आवो कुणीकडं निघालाय? मासं धरायला?"

हा आमचा कॅप्टन. कोल्हापूरकडचा, फाउंड्रीत रात्रपाळी करणारा, दुपारी झोपून उठला की फोन हातात घेणारा. त्याचं खरं नाव मला आजही माहीत नाही. तिथे सगळे टोपणनावाने वावरतात. माझं टोपणनाव 'काकू', आणि ते ठेवलं माझ्या भाचीने. तू तर मला आत्या म्हणतेस, मग हे काकू कुठून आणलं, असं विचारलं तर म्हणाली, "अवं, तिथं सारे तुले काकूच म्हनतीन. आपनच टाकून देऊ."

समुद्राकडे जाण्याचं कारण मी त्या लोकांना सांगितलं नव्हतं. माणूस चालवायचा तो डाव्या अंगठ्याने, आणि माझा डावा अंगठा तेव्हा माझं ऐकत नव्हता.

मी धाड गावी बहिणीकडे गेले होते. बाजाराचा दिवस, जीप खच्चून भरलेली. गाडी पुरती थांबायच्या आधी उतरायची मला खोड आहे, म्हणजे होती. डाव्या हातावर आपटले आणि मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा आतून जो हात बाहेर आला तो माझा वाटेना, इतका वाळलेला आणि परका. बोटं हळूहळू वळायला लागली, पण अंगठा लाकडासारखा ताठ राहिला.

मोताळ्यात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं शिवणकाम चालतं. मुख्य काम ब्लाउजचं. लोकांना वाटतं, शिवायला उजवा हात लागतो. उजवा हात कात्री धरतो, चाकाला धक्का देतो आणि भाव खातो. सुईखालून कापड चालवतो तो डावा. सरळ टीप कशीही मारता येते, पण मुंढ्याला, म्हणजे खांद्याशी कापलेल्या गोलाईला, बाही जोडताना दोन उलट्या गोलाया एकमेकींत बसवाव्या लागतात आणि कापड क्षणाक्षणाला थोडंथोडं वळवावं लागतं. हे सगळं डाव्या अंगठ्याच्या जिवावर चालतं. बाही बसली नाही तर ब्लाउज नाही, आणि ब्लाउज नाही तर मी कोण, हे मला ठाऊक नव्हतं. लग्नाआधीपासून मी दुसरं काही केलेलंच नाही.

त्यात भाचीचं लग्न ठरलेलं, उन्हाळ्यातलं. आमच्यात नवरीची साडी पांढरी आणि ब्लाउजही पांढरा. पांढऱ्यावर काहीएक लपत नाही, चुणी नाही, तेलाचा डाग नाही, उसवून पुन्हा घातलेल्या टिपेची भोकंसुद्धा नाहीत. भाची म्हणाली, "मी तं तुह्याच हातचा घालीन." मी हो म्हणाले आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

बुलढाण्याच्या डॉक्टरांनी व्यायाम सांगितले होते. रबरी चेंडू दाबायचा, कपड्यांचे चिमटे उघडायचे. मला त्या चेंडूचा फार कंटाळा यायचा. पण चेंडूपेक्षा जास्त राग यायचा तो 'छान'चा. मी अर्धी वाटी सांडून वरण वाढलं तरी नवरा म्हणायचा, छान जमलं. एका जुन्या गिऱ्हाइकाचं अस्तर मी वेडंवाकडं शिवून दिलं, तर बाई म्हणाल्या, छान आहे ताई, राहू द्या, आणि पुढचं कापड दुसऱ्या शिंपिणीकडे घेऊन गेल्या. वाकडं आहे म्हणून माझ्या तोंडावर फेकलं असतं तर मी तिथल्या तिथे उसवलं असतं.

तेव्हा भाचीने माझ्या फोनमध्ये ती गेम टाकून दिली. "चेंडू नाही दाबत तं हे दाब," म्हणाली. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं, त्या वेळेला मी खेळायला बसू लागले.

माझ्या हाताचं काही ठाऊक नसलेले ते लोक मला छान म्हणाले नाहीत. ते सरळ म्हणाले की काकू, तुम्ही फार वाईट खेळता. मला काय हलकं वाटलं ते! टोळीत कॅप्टनशिवाय एक मुलगी होती, संभाजीनगरला होस्टेलवर राहून शिकणारी. पहिल्याच दिवशी ती कुणाला तरी म्हणाली, "काऊन पळून राह्यला बे?" आणि मी खेळ सोडून विचारलं, "तू कोनत्या गावची व माय?"

"साखरखेर्ड्याची. तुम्ही?"

"मोताळ्याची. घ्या! म्हनजे एकाच जिल्ह्यातल्या निघालो आपन."

"मंग काकू, आपल्या जिल्ह्याची इज्जत पान्यात नोका घालू," ती म्हणाली. चौथा भिडू बदलत राहायचा.

त्यांची एकच गोष्ट मला सोसत नव्हती. मी संकटात सापडले की तिघंही एकदम ओरडायचे. डावीकडं, मागं, खाली बसा, पळा, बसू नका! यातलं काय करू हे ठरेपर्यंत मी मेलेली असायची. एकदा मीच आवाज चढवला. "थांबा जरा! साऱ्याईनं एकदम काऊन वरडून राह्यले? आमच्यात कात्री कापडात असली की कोनी बोलत नाही, ठाव हाय का?"

त्यांना समजेना, म्हणून सांगितलं. मी ज्या बाईंकडे शिवण शिकले त्यांचा हा नियम होता आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींनाही तो लागू होता. मुलीने कापडावर कात्री चालवायला घेतली की तोंड बंद. चुकत असली तरी. कारण मध्येच बोललात की ती दचकते, हात वळतो आणि नुकसान दुप्पट होतं. जे सांगायचं ते कात्री खाली ठेवल्यावर सांगायचं, तेही एका वेळी एकच. दुसरी चूक दुसऱ्या कापडाच्या वेळी.

कॅप्टन म्हणाला, "काकू, हे बेस हाय. करून बघू." तेव्हापासून डाव संपला की सगळे जमायचे आणि प्रत्येक जण दुसऱ्याला एकच गोष्ट सांगायचा. मीही सांगायचे. मला नेम धरता येत नव्हता, पण कोण घाई करतंय आणि कोण रागाच्या भरात पुढे घुसतंय हे शिंपिणीला ओळखता येतं.

अशा एकेक सल्ल्याने माझं बरंच भलं झालं. चालवायचं गोल बटण मोठं करून जरा वर सरकवा, हे कॅप्टनने सांगितलं. कोपराखाली उशी घ्या आणि अंगठा उचलत बसू नका, टेकवूनच सरकवा, हे त्या पोरीने. उचलायचा नाही, सरकवायचा! मी ते मशीनवर अस्तराच्या तुकड्यावर करून पाहिलं. सरळ टीप सरळ आली. गोलाई मात्र अजून तुटत होती.

मग एके दिवशी कॅप्टन फार खुशीत आला. माझ्यासाठी त्याने डोकं लढवलं होतं. गेममध्ये एक सोय असते, माणूस आपोआप पळत राहतो, आणि फोन कलता केला की नजर वळते. "तुमचा डावा अंगठा लई दगा देतोय काकू, त्याला आपण रिटायरच करून टाकू," म्हणाला आणि एकेक बटण सांगून त्याने ते करून घेतलं. काय सांगू, आम्ही शेवटच्या दोन टोळ्यांत पोचलो! पोरगी किंचाळत होती, कॅप्टन शिट्ट्या मारत होता. मी खिडकी लावून घेतली, नाहीतर शेजारीण चौकशीला आली असती. काही दिवस असेच मजेत गेले आणि मला जिंकायची चटक लागली.

एका सकाळी पीठ मळताना कळलं की अंगठा परत आखडला आहे. इतक्या दिवसांत मी त्याला हलवलंच नव्हतं. लग्न जवळ येत चाललं होतं.

त्या दुपारी मी सेटिंग जुनं करून टाकलं आणि पुन्हा पाण्यात गेले. कॅप्टन वैतागला. "काकू, एवढं चांगलं बसवून दिलेलं मोडलं कशाला?" त्याचं बरोबर होतं. त्याने सल्ला दिला तो जिंकण्यासाठी, आणि मी खेळत होते कशासाठी हे त्याला कुणी सांगितलं होतं? मग मी सगळं सांगून टाकलं. जीप, मनगट, मुंढा, पांढरा ब्लाउज.

दुसऱ्या दिवशी तिथेही 'छान' सुरू झालं! मी झाडावर आदळले, छान काकू. मी पाण्यात गेले, भारी काकू. पोरगीसुद्धा त्यात सामील. माझं डोकं फिरलं. "बुडून राह्यली मी, अन् तुम्ही छान म्हनता? छान म्हनाले घरी कमी लोकं हायेत का मले? तुमच्याकडं मी कायले येतो मंग?"

कॅप्टन खो खो हसला. "बरं, मग ऐका सगळ्यांनी. आजपासनं काकूंना गाडीत बसवायचं न्हाई. चालवायचं."

ज्याला हा खेळ माहीत नाही त्याला यातली गंमत सांगायला हवी. त्या बेटावर मैदान आकसत जातं, बाहेर राहील तो मरतो, म्हणून सगळे सापडेल ती गाडी घेऊन आत पळतात. आमची टोळी माझ्याबरोबर पायी निघायची. अर्थातच आम्ही रोज मरायचो. एक भिडू चिडून "हे काय भजनी मंडळ हाय का" म्हणत निघून गेला, तर पोरगी म्हणाली, "जाऊ द्या त्याले." कॅप्टन मला घरांभोवती फिरवायचा, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून, भिंतीला न चिकटता. आणि डाव संपल्यावर त्याचं ते एक वाक्य यायचं, "काकू, ते वळण न्हवं, कोपरा झाला." मुंढ्यावर माझं नेमकं तेच होत होतं. तीन माणसं आपले गुण बुडवून माझ्या अंगठ्यासाठी वाळूत चालत होती, आणि त्यांच्यातल्या एकाचाही चेहरा मी पाहिलेला नव्हता. मला त्या लोकांची फार माया आली, अजूनही येते.

कॅप्टनने माझ्याकडे एकदाच काही विचारलं. फाउंड्रीत नवीन पोरं शिकवायची जबाबदारी त्याच्यावर आली होती आणि पोरं त्याला टरकून असायची. "मी लई वरडतो काकू. तिथं चूक झाली तर जीव जातो, म्हणून वरडतो." मी म्हणाले, जिवाची गोष्ट असंल तं वरड, खुशाल वरड, पन बाकीच्यासाठी हात थांबूस्तोवर वाट पाय. काही दिवसांनी तो आपणहून म्हणाला, "काकू, आज साचा पुरा झाल्यावर बोललो. पोरगं ऐकलं की हो." त्याच्या आवाजात लहान मुलासारखा आनंद होता. मी त्या दिवशी दुकानात स्वतःशीच गुणगुणत होते.

भाचीचा ब्लाउज मी आधी जुन्या चादरीच्या कापडावर शिवला, मग खऱ्या कापडाला हात घातला. कापताना घरातल्या सगळ्यांना बाहेर काढलं. पहिल्या बाहीला चुण्या पडल्या, ती हलक्या हाताने उसवली. पुन्हा लावताना अंगठा टेकवून सरकवत राहिले, आणि गोलाई कुठेही न तुटता सुईखालून निघून गेली. मी मशीन थांबवून नुसती बघत बसले. मग दुसरी बाही लावली.

भाची घालून बघायला आली तेव्हा नवरा नेमका घरी होता. ती आरशापुढे उभी राहिली, वळून पाठ पाहिली, दोन्ही हात वर केले आणि तोंड वाकडं केलं. "आत्या, डावी बाही आवळून राह्यली. हात वर केला की वढते."

नवरा घाईघाईने म्हणाला, "असू दे ना, तिच्या हाताचं पाय जरा. छानच झाला हाय."

"मंग काय मामा, लग्नात हार घालाच्या वेळी मी हात खालीच ठेवू?" भाची म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "उसवून दे व आत्या. अन् लवकर दे, मले अजून साडीले फॉल लावाचा हाय."

मी तिच्या खांद्यावर बोट फिरवून पाहिलं. खरंच आवळत होती, दोऱ्याभर. ती माझ्यावर चिडली होती, अगदी हात मोडायच्या आधी गिऱ्हाइकं चिडायची तशी, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते तिला दिसू नये म्हणून मी खाली मान घालून टाचण्या शोधू लागले.

"काढ अन् ठेव तिथं," मी म्हणाले. "संध्याकाळी ये."