ओबिरी मामाच्या नावाने पाडलेले ताड

रंगमंच सुटला तरी आवाज टिकून राहिला, म्हणून गावातल्या प्रत्येक अंत्यविधीला ध्वनिक्षेपक माझ्याच हाती येतो. मेलेल्यासाठी कुणी काय आणलं ते सगळ्यांसमोर पुकारायचं. याव म्पियानिमच्या मामाच्या वेळी मात्र माझी जीभ अडखळली.

याव ताडी काढायचा. आमच्याकडचा ताड म्हणजे तेलताड; ताडीसाठी तो मुळापासून आडवा करतात. पडल्या खोडातून काही आठवडे ताडी झरते, मग झाड संपतं. आमच्या नाटक मंडळीचा खेळ असला की हा मडकं घेऊन पडद्यामागे हजर. मी बाईच्या वेशात, ओठ रंगवून बसलेलो. हा म्हणे, "बाईसाहेब, आधी घसा ओला करा, मग नवऱ्याला शिव्या घाला!" काय दिवस होते! तशी ताडी पुन्हा ओठांना लागली नाही.

स्वतःच्या परसातले सहा ताड मात्र त्याने कधी पाडले नाहीत. ते त्याच्या बायकोने, बिरागोने वाढवले होते. त्यांच्या फळांतून वर्षभराचं तेल निघे, रस्सा होई. सांडलेला रस्सा, बिघडलेला मुलगा, फुकट गेलेला दिवस, सगळ्याला गावात एकच शब्द, नासाडी. यावबद्दल तो कुणी उच्चारला नव्हता.

ओबिरी मामाने त्याला वाढवलं, हे काम शिकवलं. शेवटच्या आजारात म्हणाला, "याव, मला तुझ्या ताडीनेच निरोप दे."

मामा गेला. देह कुमासी शहरात, शवागाराच्या शीतगृहात ठेवला. कुळाच्या कर्त्यांनी अंत्यविधीचा शनिवार ठरवला. मामासाठी परक्याचं झाड कसं चालेल? यावने प्रत्येक बुंध्याशी मामाचं नाव घेतलं आणि सहाही ताड पाडले. बिरागो दारात उभी होती.

मग वारस कोण यावरून कर्ते भांडले. शनिवार पुढे गेला, पुन्हा पुढे गेला. देह थंडीत थांबला. खोडं कशी थांबतील? मडकी रोज भरत, रोज आंबत.

"याव, भट्टीवाल्याला देऊन टाक," बिरागो म्हणाली. "दारू तरी होईल."

"मामाचं नाव घेऊन पाडलंय. ते विकू?"

"मग बस राखत! शेजारीण विचारतेय, प्रेत कुमासीला, मग वास इथे कसा?"

तो उठला, मडकी मातीत रिकामी करून आला. पुढे रोज तेच. खोडं आटली.

भांडण मिटून विधी झाला तोवर परसात नुसती वाळकी खोडं उरली होती. शोकाच्या काळ्या-तांबड्या वस्त्रांतली माणसं, बिअरचे खोके एकावर एक. याव रिकाम्या हाताने पुढे आला. काय पुकारू? मी छाती भरून घेतली आणि जुन्या दिवसांतला आवाज लावला, "याव म्पियानिम! मामासाठी सहा ताड!"

पोरांच्या बाकावरून आलं, "कुठायत, आजोबा? नासाडी म्हणा की!"

मांडव हसला. कर्तेही हसले. बिरागोने मान वर केली नाही.

रिवाजाप्रमाणे यावने रांगेतल्या प्रत्येकाशी हात मिळवला, एकालाही न चुकवता. शेवटच्या कर्त्याने त्याच्या हातात बिअरची बाटली दिली. "घे रे, भरपूर आहे."

ती न उघडता तो माझ्याजवळ आला. हळूच म्हणाला, "दादा, पुन्हा माझं नाव पुकारू नका."